बोर्डानं कारण काय लिहिलंय?

अपंगत्व पेन्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाय गमावलेला जवान येतो. पण माजी सैनिकांच्या अपिलांवर संशोधन करायचं असेल, तर तुमची गाठ जास्त करून रक्तदाब, मधुमेह, अपस्मार अशा आजारांशी पडेल. जखमेला तारीख असते, साक्षीदार असतात. ह्या आजारांना काहीच नसतं. मग आजार नोकरीमुळे झाला की तसाही झालाच असता, हे सिद्ध कोणी करायचं?

सैनिकानं नाही. 1982 च्या नियमांनुसार, भरतीच्या तपासणीत नोंदलेल्या दोषांखेरीज जवान धडधाकट होता असं धरूनच चालायचं. पुढे आजारामुळे त्याला काढलं, तर तो आजार साधारणपणे सेवेतच उद्भवला असं मानायचं, आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. ह्याला एक पळवाट आहे. हा आजार भरतीच्या वेळी कळूच शकला नसता, असं वैद्यकीय मत पडलं तर हे गृहीतक लागू होत नाही. मात्र त्या मताची कारणं लिहावी लागतात. बहुतेक भांडण ह्या कारणांपाशी येऊन थांबतं.

धरमवीर सिंग खटला मुळातून वाचाच. 1985 साली सिग्नल्समध्ये भरती, सुमारे 9 वर्षं नोकरी, 1994 मध्ये झटक्यांच्या आजारामुळे सेवेबाहेर. अपंगत्व 20 टक्के, म्हणजे पेन्शनला लागणारं किमान. बोर्डाचं म्हणणं, आजार प्रकृतीचाच, सेवेशी संबंध नाही. का, ते लिहिलेलं नाही. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी दावा मान्य केला, खंडपीठानं तो फिरवला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन दिली. 19 वर्षं गेली!

आता नीट बघा. लष्करी ताणानं झटके येतात असं वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालं म्हणून ही पेन्शन मिळालेली नाही. गृहीतक खोडण्याइतकी कारणं बोर्डानं दिली नव्हती म्हणून मिळाली. त्यामुळे ‘न्यायालयानं कार्यकारणभाव मान्य केला’ असं वाक्य प्रबंधात घालू नका. तोंडी परीक्षेत तिथेच पकडतील.

दुसरी अडचण नमुन्याची. सध्याचा रस्ता असा: नकाराचं पत्र, पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण (2007 च्या कायद्यानं आलेलं; मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे). निकालांच्या ढिगाऱ्यात तुम्हाला फक्त एवढ्या पायऱ्या चढलेली माणसं भेटतात. पहिलंच पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवणारा हवालदार तिथे नसतो. म्हणून न्यायाधिकरणात इतके टक्के दावे जिंकले, म्हणजे बोर्डं तितके टक्के चुकतात, हे गणित चालत नाही.

2023 मध्ये नवे नियम आलेत, तेव्हा प्रत्येक प्रकरणात सेवा सुटल्याची तारीख आधी टिपा. आणि तक्त्यात निकालाच्या शेजारी बोर्डाच्या कारणांचा रकाना ठेवा. ‘अपुरी’ असा शेरा मारून मोकळे होऊ नका. निकालात बोर्डाचं जे वाक्य उद्धृत केलंय, ते शब्दशः उतरवून घ्या.