वाळूमामांची ड्यूटी

सकाळी ५.५०

पंचगंगेच्या पुलावरून मोटारसायकलींची रांग शिरोली एमआयडीसीकडे वळते आहे. हँडलला डबे, कानाला मफलर. फाउंड्रीच्या गेटवर अंगठा लावायचा आणि आत जायचं. सहाला मिनिटभर उशीर झाला तर यंत्र अर्धा तास कापतं.

मामा करवीर तालुक्यातल्या गावातून येतात, चौदा किलोमीटर. आठवड्याला तीनशेचं पेट्रोल लागतं. त्यांचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण सगळा कारखाना त्यांना वाळूमामा म्हणतो. वाळूच्या प्लांटच्या पॅनेलवर आदमापूरच्या बाळूमामांचा फोटो चिकटवलेला असतो, त्यामुळे हे नाव पडायला वेळ लागला नसणार. वय चोपन्न. सुरुवात उद्यमनगरात कोळशाच्या क्युपोला भट्टीवर, गेली सोळा वर्षं इथं.

सकाळी ६.१०

मिक्सर सुरू. एका घाण्याला पाचशे किलो जुनी वाळू, चार किलो बेंटोनाइट माती, दीड किलो कोल डस्ट आणि पाणी. दिवसाला असे सव्वाशेच्या आसपास घाणे. इथं दिवसाला दहा टन लोखंड वितळतं आणि त्यासाठी साठ टन वाळू फिरते. लोखंडाच्या कारखान्यात लोखंडापेक्षा वाळूच जास्त हलवावी लागते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. मलाही उभं राहून बघितल्यावरच पटलं.

ही वाळू रोज तीच. साच्यात जाते, तिच्यावर चौदाशे अंशांचा रस ओतला जातो, साचा फोडला की खालच्या पट्ट्यावर पडते आणि हॉपरमध्ये परत येते. कालची वाळू अजून कोमट आहे. कोमट वाळू पाणी धरत नाही, पॅटर्नला, म्हणजे साच्याच्या नमुन्याला, चिकटते. मामा पहिले दोन घाणे मोल्डिंगला पाठवत नाहीत, परत फिरवतात.

सकाळी ६.४०

लॅबचा पोरगा डबी घेऊन येतो. डिप्लोमावाला, वर्षभरापूर्वी लागलेला. ओलावा ३.४ टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी ४२. आकडे ठीक आहेत.

मामा मूठभर वाळू उचलतात. आवळतात. मूठ उघडली की बोटांच्या खुणा जशाच्या तशा उमटलेल्या. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो गोळा मधोमध मोडतात. तुटलेली कड धारदार हवी, भुगा पडता कामा नये. आज थोडा भुगा पडतो.

"आकडा बरोबर हाय, खरं आज हवा कोरडी हाय. पट्ट्यावरनं जाईस्तोवर सुकतीया. पाणी वाईच वाढीव."

पोरगा वाढवतो. वाद घालत नाही. गेल्या उन्हाळ्यात घातला होता. त्या दिवशी सहाशे किलो कास्टिंग रिजेक्ट झालं. वितळवायला गेलेली वीज, कोअर (साच्यातले वाळूचे गाभे), बेंटोनाइट, मजुरी, सगळं पाण्यात. पर्यावरणावरच्या भाषणांत रिजेक्शनचा विषय कधी निघत नाही. माझ्या मते पहिला निघायला हवा.

सकाळी ८.२०

दहाचाकी ट्रक आत येतो. कासार्ड्याची सिलिका वाळू, कणकवली तालुक्यातून घाट चढून आलेली. सोळा टन. ड्रायव्हर रात्री दोनला निघालाय. कॅन्टीनचा चहा त्याला फुकट, बाकीच्यांना दहा रुपये.

अशा गाड्या महिन्याला पाच यायच्या. आता दोन येतात. ड्रायव्हर ते हसत सांगतो, पण तीन फेऱ्यांचं भाडं गेलं हेही सांगतो. वाळू दारात पडेपर्यंत टनाला दोन हजारांच्या आसपास जातात. जेवढी नवी वाळू आत येते, जवळजवळ तेवढीच जुनी, जळकी वाळू कारखान्याबाहेर टाकावी लागते. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. काळ्या वाळूचे ढीग ज्यानं रस्त्याकडेला आणि जुन्या खाणींत पाहिलेत, त्याला वेगळं सांगायला नको.

सकाळी ९.००

भट्टीचं पॅनेल गुणगुणायला लागतं. बरोबर नऊला.

आधी वीज रात्री स्वस्त असायची, म्हणून भट्ट्या रात्री पेटायच्या. आता दर उलटे झालेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सूर्याची वीज भरपूर म्हणून सवलत, पाचनंतर जादा आकार. भट्टीवाल्यांची झोप परत आली. उन्हाळ्यात दुपारी भट्टीसमोर उभं राहायची पाळीही त्यांच्यावरच आली.

एक टनाची इंडक्शन भट्टी. धूर जवळपास नाही. मामा क्युपोलाचे दिवस सांगतात तेव्हा धोतराचा रंग, थुंकीचा रंग, सगळं येतं. तो धूर इथून गेला हे खरं. पण वीज कोराडीत आणि चंद्रपुरात कोळसा जाळूनच बनते, तेव्हा तो गेला कुठं हेही उघड आहे. शेडच्या पत्र्यावर शंभर किलोवॅटची सोलर पॅनेल आहेत. चांगल्या उन्हात दिवसाला चारशे युनिट देतात. भट्टीला दिवसाला सहा हजार लागतात. पाहुण्यांना दाखवायला पॅनेल बरी आहेत, पण खरी बचत भट्टीच्या तोंडाशी होते.

सकाळी ९.५०

भट्टीवरचा मिस्त्री झाकणावरून एका पोरावर ओरडतोय. भंगार टाकून झालं की झाकण बंद झालंच पाहिजे. उघड्या तोंडातून उष्णता नुसती छताला जाते.

"घरी भातावर झाकण ठेवतोस न्हवं? मग हितं काय झालं?"

पोरगा ओडिशाचा. भाताचं त्याला कळतं. झाकण पडतं.

सकाळी १०.३०

चहा. कपातला अर्धा पिऊन मामा रनर-रायझरच्या ढिगाकडे जातात. कास्टिंगला जोडून आलेले हे तुकडे तोडून परत भट्टीत टाकतात. ओतलेल्या रसाचा तिसरा हिस्सा तरी असा फिरून येतो. त्यांना वाळू चिकटलेली असते. ती तशीच भट्टीत गेली की वितळून स्लॅग होते. स्लॅग वितळवायला लोखंडाहून जास्त वीज लागते, आणि शेवटी ती झाऱ्यानं काढून फेकूनच द्यायची.

म्हणून आता तुकडे आधी टंबलिंग बॅरलमध्ये घोळवतात. वीस मिनिटं कान फुटतील असा आवाज. खाली झडलेली वाळू मामांची. ती ते स्वतः घमेल्यानं भरून नेतात. मदतनीस आहे, ठेकेदाराचा, आठ तासांचे पाचशे वीस रुपये. पण तो वाळूत लोखंडाच्या कपच्या राहू देतो, असं मामांचं म्हणणं.

दुपारी १२.३०

जेवणाची सुट्टी. मशीन बंद होतात आणि शेडमध्ये एक वेगळाच आवाज ऐकू येतो. सूं... कुठूनतरी.

मामांची भाकरी दहा मिनिटांत उरकते. मग ते आणि मेंटेनन्सचा फिटर हवेच्या लाइनच्या कडेकडेनं निघतात. हातात पाण्याची बाटली, तीत दोन रुपयांची शाम्पूची पुडी फोडलेली, झाकणाला भोक. जॉइंटवर शिंपडायचं. बुडबुडे आले की खडूनं फुली.

फिटर मला हिशेब सांगतो. तीन मिलिमीटरचं भोक असलं की कॉम्प्रेसरची तीन किलोवॅट वीज तिथून जाते. दिवसाला वीस तास लाइन भरलेली धरली तर साठ युनिट. नऊ रुपयांनी पाचशे चाळीस रुपये रोजचे. आज चार फुल्या. एक कपलिंग, दोन क्लॅम्प आणि एक पाइप, जो बदलायलाच हवा. पाइप स्टोअरमध्ये नाही. मागणीची चिठ्ठी मागच्या शनिवारीच गेली आहे.

सोसायटीच्या वाहिनीचं पाणी गळायला लागलं तर लोक धावतात. हवा दिसत नाही, ओली करत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं गळते.

दुपारी १.४०

कोअर शॉप. इथं बायका आहेत, नागाव, हालोंडी, टोप या आसपासच्या गावांतल्या. कास्टिंगच्या आतली पोकळी तयार करणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, त्या घासतात आणि ग्राफाइटच्या काळ्या लेपात बुडवतात. पूर्वी हा लेप स्पिरिटमधला असायचा. बुडवला, काडी लावली, निळी ज्वाळा उठली, वाळला. आता पाण्यातला लेप आला. तो ओव्हनमध्ये वाळवावा लागतो.

"डोकं दुखायचं थांबलं बघा," एक मावशी म्हणतात. "खरं ओव्हनला थांबावं लागतंय. नग कमी पडत्यात."

मजुरी नगावर आहे. महिन्याला हजारभर रुपये कमी येतात, असं तिघीजणी सांगतात. नगाचा दर वाढवायचं बोलणं चालू आहे म्हणे. हवा सुधारली त्याचं बिल सध्या या भरताहेत.

दुपारी २.१५

मामांची मूळ ड्यूटी संपली. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सुरू. ओटीचा दर दुप्पट हवा, मिळतो एकपट. ते यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत.

आता रिक्लेमेशन प्लांट. जो आल्यापासून ट्रक कमी झाले, तो हा. फुटक्या कोअरची ढेकळं आणि जादा झालेली वाळू वरून पडते, चाळली जाते, लोहचुंबकावरून जाते. मग साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजायची. कोअरमधलं रेझिन जळून जातं. मग कणावर कण घासायचे, म्हणजे करपलेल्या मातीचा थर सुटतो. शेवटी गार करून धूळ ओढून घ्यायची. बाहेर पडणारी वाळू कासार्ड्याच्या नव्या वाळूसारखी पांढरी नसते, तांबूस असते. कोअरसाठी चालते. मोठ्या गुंतवणुकीचा प्लांट आहे. ज्यांना स्वतःचा परवडत नाही त्यांच्यासाठी शिरोलीत उद्योजकांनी मिळून क्लस्टरमध्ये वाळू शुद्ध करायची सोय केली आहे.

भाजायला गॅस लागतो. म्हणजे हेही फुकट नाही, पैशानं नाही आणि धुरानंही नाही. मालक सांगतात, गॅस, वीज, माणूस सगळं धरून नव्या वाळूच्या अर्ध्याच्या आसपास खर्च पडतो. बर्नर सतत पेटता ठेवला तर. मध्येच थांबवून परत तापवला की हिशेब बिघडतो. म्हणून मामांना ओटी.

लॅबचा पोरगा चिमूटभर नमुना वजन करून लॅबच्या भट्टीत जाळतो, परत वजन करतो. घट अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. पहिला नमुना ०.७. मामा वाळू सोडायचा वेग कमी करतात. चाळीस मिनिटांनी ०.४. आता सायलोत जाऊ द्यायची.

दुपारी ३.३०

धूळ. प्लांटच्या मागं डस्ट कलेक्टर आहे, आत कापडी पिशव्या. मामा पट्टा लावून वर चढतात, पिशव्यांखालची टोपी उघडतात, पोत्यात राखाडी पीठ पडतं. हे पीठ कशातही परत जात नाही. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही; सिलिकॉसिसवर उतारा नाही. कलेक्टर बसायच्या आधी साचे फोडायच्या जागी, नॉकआउटजवळ, दहा फुटांवरचा माणूस दिसत नसे, असं ते सांगतात. वर्षातून एकदा एक्स-रे होतो. त्यांचा अजून चांगला आहे. त्यांच्याबरोबर लागलेल्या दोघांचा नव्हता.

मास्क त्यांनी घातलाय. मदतनिसानं गळ्यात अडकवलाय. मामा काही न बोलता तो त्याच्या नाकावर चढवतात.

दुपारी ४.५५

शेवटची हीट, म्हणजे भट्टीतला शेवटचा रस. पाचच्या आत उरकायची म्हणून सगळे धावताहेत. लॅडलमध्ये ऐंशी किलो रस उरतो, तो जमिनीवरच्या साच्यात ओतून गोळा करतात. उद्या हाच परत वितळवायचा, म्हणजे त्याची आजची वीज वाया. सुपरवायझर मोल्डिंगवाल्याकडे बघतो. दोन साचे कमी पडले होते.

संध्याकाळी ५.४०

मागच्या अंगणात ट्रॉली. टाकायची वाळू आणि ते राखाडी पीठ. पूर्वी रोज एक ट्रॉली बाहेर जायची, तीन टनांची, एका जुन्या खाणीत. आता दोन-तीन दिवसांनी एक. त्यातली काही वाळू पेव्हर ब्लॉकवाला नेतो, पण पावसाळ्यात त्याचं काम थांबतं आणि ढीग वाढतो.

गेटजवळ वडाचं एक रोप आहे, भोवती जाळी आणि पाटी. पाच जूनला, पर्यावरणदिनी लावलेलं. त्याचा फोटो ऑफिसात फ्रेम करून लावलाय. रिक्लेमेशन प्लांटचा फोटो मला कुठं दिसला नाही.

संध्याकाळी ६.०५

रजिस्टर. दहा हीट, एकूण ९,८६० किलो. भट्टीचे युनिट ५,९९०. टनाला ६०७. गेल्या वर्षी याच महिन्यात ६५०च्या वर जात होते. परदेशी गिऱ्हाईक आता किलोमागे विजेचा आकडा विचारतं, म्हणून हे रजिस्टर रोज फोटो काढून ऑफिसला जातं.

टाकाऊ वाळू: ट्रॉली भरली नाही.

मामा सही करतात. पगार बावीस हजार, ओटी वेगळी. नवा प्लांट आल्यापासून काम वाढलं, पगार तोच आहे. दिवाळीला तीन हजारांची वाढ मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.