नको असलेले केस: दोरा, वॅक्स, क्रीम की लेझर?

लग्नसराईत गुलमंडीच्या बाजारात साड्या, ब्लाउजपीस, बांगड्या यांची खरेदी सुरू झाली की बऱ्याच घरांत आणखी एक विषय निघतो. ओठावरच्या, हनुवटीवरच्या, हातापायांवरच्या केसांचे काय करायचे? मैत्रीण म्हणते लेझर कर, आजी म्हणते बेसन-हळद चोळ, पार्लरवाली ताई वॅक्सिंगचे पॅकेज सांगते. प्रत्येकीला स्वतःचा अनुभव असतो, पण तुमची त्वचा आणि तुमचे केस वेगळे असू शकतात. पद्धत निवडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: केस कोणत्या प्रकारचे आहेत, ते का वाढले आहेत आणि तुमची त्वचा कशी आहे.

आधी केस ओळखा

अंगावर दोन प्रकारचे केस असतात. बारीक, मऊ, फिकट केसांना आपण लव म्हणतो. दुसरे जाड, राठ आणि काळे केस. स्त्रियांच्या चेहऱ्यावर, हातांवर, पाठीवर लव असणे अगदी नैसर्गिक आहे. तो आजार नाही. ती काढायची की नाही हा फक्त आवडीचा प्रश्न आहे.

पुरुषांना जिथे दाढी-मिशी येते किंवा छातीवर केस येतात, तिथे स्त्रीला जाड काळे केस येऊ लागले तर त्याला हर्सुटिझम म्हणतात. ते मोजण्यासाठी डॉक्टर नऊ जागा तपासतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा व खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. कोपराखालचे आणि गुडघ्याखालचे केस या मोजणीत धरत नाहीत. म्हणून फक्त तिथे केस जास्त आहेत एवढ्यावरून हार्मोन बिघडले असे समजू नका. कित्येक घराण्यांत आई, मावशी, मुलगी सगळ्यांचेच केस दाट असतात.

केस का वाढले?

हर्सुटिझमचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस, ज्याला बोलीत पीसीओडी म्हणतात. पाळी लांबणे किंवा चुकणे, वजन वाढणे, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे, मानेची त्वचा काळी-जाड होणे, यांपैकी काही बरोबर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. गरजेप्रमाणे ते टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तातील साखर अशा तपासण्या आणि सोनोग्राफी सांगतात. मूळ कारणावर उपचार न करता नुसते लेझर करत राहिल्यास नवे केस येत राहतात आणि पैसे वाया जातात.

हार्मोनवरच्या गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात. महिन्याभरात फरक नाही म्हणून गोळ्या सोडू नका. यातील काही गोळ्या गर्भाला घातक असतात. दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आणखी एक कारण अनेकदा लक्षात येत नाही. गोरे होण्यासाठी किंवा डाग जाण्यासाठी म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड असते. अशी क्रीम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली की त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. मग त्या केसांसाठी आणखी उपाय सुरू होतात. तुम्ही रोज लावता ती ट्यूब डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. ती एकदम बंद केल्यास त्रास उसळू शकतो, म्हणून सल्ल्यानेच बंद करा.

घरच्या आणि पार्लरच्या पद्धती

शेव्हिंग: रेझरने केस दाट किंवा जाड होतात ही समजूत चुकीची आहे. केस कापला की त्याचे टोक बोथट होते, म्हणून उगवताना तो टोचतो. मुळांची संख्या किंवा जाडी वाढत नाही. पाय, काख यांसाठी ही स्वस्त आणि वेदनारहित पद्धत आहे. त्वचा ओली करा, रेझर स्वतःचाच वापरा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवा.

थ्रेडिंग आणि प्लकिंग: भुवया, वरचा ओठ, हनुवटीवरचे मोजके केस यांसाठी योग्य. दोऱ्याचे एक टोक तोंडात धरण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने चांगली नाही. ते मानेभोवती बांधायला सांगा आणि दोरा नवीन घ्यायला लावा.

वॅक्सिंग: केस मुळापासून निघतात, त्यामुळे तीन ते सहा आठवडे निश्चिंती. पण वॅक्स जास्त गरम असेल तर त्वचा भाजते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग करू नका, त्वचेचा थर सोलून निघू शकतो. गोळ्या बंद केल्यावरही सुमारे सहा महिने थांबा. चेहऱ्याला रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन लावत असाल तरी आधी विचारा. मधुमेह असेल, त्यातही पायाची संवेदना कमी असेल, तर पायांचे वॅक्सिंग टाळा.

केस काढायची क्रीम: यातील रसायन केस विरघळवते. केस आणि त्वचा दोन्हींत केराटिन असते, म्हणून क्रीम सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवली तर त्वचाही पोळते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहा. अंगासाठीची क्रीम चेहऱ्याला लावू नका.

ब्लीच: केस निघत नाहीत, फक्त रंग फिका होतो. ओठावरच्या लवेसाठी काहींना एवढे पुरते. सावळ्या चेहऱ्यावर पिवळे केस उलट जास्त उठून दिसतात, हे ध्यानात ठेवा.

बेसन-हळद: लेप चोळताना थोडी लव तुटते. मुळावर परिणाम होत नाही. जोरात घासल्यास काळसरपणा मात्र वाढतो.

लेझर: कोणाला उपयोगी, कोणाला नाही

लेझरचा किरण केसातील काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होते. यातून चार गोष्टी समजून घ्या.

एक, पांढऱ्या केसात रंग नसतो, म्हणून त्यावर लेझर चालत नाही.

दोन, एका वेळी काहीच केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेझर त्यांच्यावरच नीट काम करते. त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ किंवा जास्त बैठका लागतात.

तीन, रंग त्वचेतही असतो. सावळ्या त्वचेवर चुकीचे यंत्र किंवा जास्त ताकद वापरली तर भाजते. आपल्या त्वचेसाठी ८०० ते ८१० नॅनोमीटरचे डायोड किंवा १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर सहसा निवडतात. त्वचा जितकी गडद, तितके एनडी-याग जास्त सुरक्षित. आयपीएल हे लेझर नव्हे, आणि गडद त्वचेवर त्याने भाजण्याचा धोका जास्त असतो. घरगुती यंत्रांत बहुतेक आयपीएलच असते.

चार, गालावरच्या आणि जबड्याच्या कडेच्या बारीक लवेवर लेझर केल्यास काही जणींना तिथे उलट जास्त जाड केस येतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हे अधिक आढळते. म्हणून लवेसाठी लेझर घेऊ नका.

लेझरने केस लक्षणीय कमी होतात, पण कायमचे एकही केस येणार नाही अशी हमी कोणी देत असेल तर सावध व्हा. हार्मोनचा त्रास असेल तर अधूनमधून पुन्हा बैठक लागते. गरोदरपणात लेझर पुढे ढकलणेच बरे.

हनुवटीवरच्या मोजक्या पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस हा पर्याय आहे. त्यात प्रत्येक मुळात सुई घालून विजेने ते नष्ट करतात. वेळ खूप लागतो, पण केसाचा रंग आड येत नाही. चेहऱ्यासाठी एफ्लोर्निथिन नावाची क्रीमही डॉक्टर देतात. ती केस काढत नाही, वाढ मंदावते, आणि बंद केली की केस पूर्ववत येतात.

पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी विचारा

• यंत्र कोणते आहे, डायोड, एनडी-याग की आयपीएल?
• त्वचारोगतज्ज्ञ स्वतः तपासतील का? भाजल्यास कोण पाहील?
• आधी लहान जागेवर चाचणी करणार का?
• डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का?
• एका बैठकीचे पैसे देता येतील का, की सगळे आधीच भरावे लागतील?

लग्नाआधी वेळ कशी आखावी

लेझर करायचे असेल तर तारखेच्या किमान आठ-दहा महिने आधी सुरू करा. पहिल्या बैठकीआधी चार आठवडे आणि पुढे दोन बैठकींच्या मध्ये वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग नको, कारण मूळ जागेवर हवे. शेव्हिंग चालते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चाळिशीपार उन्हातून गाडीवर फिरावे लागत असेल तर शक्यतो हिवाळ्यात सुरुवात करा आणि रोज सनस्क्रीन लावा. वॅक्सिंगनंतर एक-दोन दिवस घाम, ऊन आणि घट्ट बांधलेला स्कार्फ टाळा, नाहीतर मुळांशी पुळ्या येतात. हळदीच्या दोन दिवस आधी कोणतीही पद्धत पहिल्यांदा करून पाहू नका.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे

काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी बंद झाली किंवा पुरुषांसारखे टक्कल पडू लागले, तर पार्लरच्या आधी डॉक्टर गाठा. क्वचित अंडाशयाची किंवा अॅड्रिनल ग्रंथीची गाठ यामागे असते. केस काढल्यावर फोड, पू, ताप किंवा वाढणारी लाली आली तरी थांबू नका. गुलमंडीहून रिक्षाने थोड्याच अंतरावर असलेल्या घाटी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. महागड्या पॅकेजआधी तिथे तपासून घेता येते.

दाढी केल्यावर मानेवर गाठी, पुळ्या येणाऱ्या पुरुषांनाही हेच लागू आहे. काही आठवडे दाढी ट्रिमरने थोडी राखून ठेवा. तरीही त्रास राहिला तर लेझरचा विचार करता येतो.

घरच्यांना एक विनंती. मुलीला मिशीवरून चिडवणे किंवा स्थळ बघायच्या आधी घाईने लेझरला पाठवणे टाळा. पीसीओएस असलेल्या मुली या बोलण्याने मनातून खचतात आणि त्रास लपवतात. तिला पाळी नियमित येते का हे आधी विचारा. केस काढायचे की नाही, हे तिला ठरवू द्या.