अनेक संपादन-प्रकल्पांची एक चित्रफीत

एका केंद्रातील तीन शाळांनी इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासासाठी गावच्या पाण्याविषयी एक चित्रफीत मिळून करण्याचे ठरविले. ओढ्याचा पूर एका गुरुजींनी, विहीर एका बाईंनी आणि टाकीपासून नळापर्यंतचा भाग तिसऱ्या शिक्षकांनी टिपला. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर संपादन केले व शिक्षण परिषदेच्या आदल्या दिवशी तिघेही आपापली प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आले. ती उघडावयास मीच बसलो. टाइमलाइन जशीच्या तशी दिसली. चित्र मात्र एकही उमटले नाही. विहीर व टाकी यांची मूळ चित्रणे दुसऱ्या दिवशी आणता आली. पुराच्या क्लिपा मात्र मोबाइलच्या मेमरी कार्डावरूनच घेतलेल्या होत्या आणि पुढे कार्ड भरले म्हणून त्या पुसून टाकलेल्या होत्या. यात त्या गुरुजींना दोष देता येत नाही. जे आधी सांगावयास हवे होते, ते मी सांगितलेच नव्हते.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे चित्रफीत नव्हे. हजेरीपटात मुलांची नावे असतात, मुले नसतात. तसेच हे आहे. कोणती क्लिप कोठे ठेवली आहे, तिचा कोणता अंश घ्यावयाचा व कोणत्या क्रमाने लावावयाचा, एवढीच नोंद तीत असते. यास्तव प्रत्येकाने आरंभीच एक फोल्डर करावा, सर्व क्लिपा, चित्रे व ध्वनी त्यात उतरवून घ्यावेत आणि प्रोजेक्ट फाइलही तेथेच ठेवावी. शॉटकट या मोफत प्रणालीत असे केल्यास संपूर्ण फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेता येतो. केडेनलाइव्ह वापरणाऱ्यांसाठी ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ ही सोय आहे. ती विखुरलेल्या क्लिपा एकत्र गोळा करते.

दुसरी गोष्ट फ्रेमच्या वेगाची. भारतातील दूरदर्शन-प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला 25 फ्रेमचा, तर मोबाइलचा बहुधा 30 चा. फ्रेम मोजूनच कापणी होत असल्यामुळे 1500 वी फ्रेम एका हिशेबाने 60 व्या सेकंदाला येते, तर दुसऱ्या हिशेबाने 50 व्या. सर्वांचा वेग व चित्राचा आकार एकच असावा, हे काम वाटून घेतानाच ठरवावे. मागाहून जुळवीत बसणे फार कष्टाचे असते.

आता जोडणी. सोपा मार्ग असा, की प्रत्येक भाग एक्सपोर्ट करून त्याची पूर्ण चित्रफीत करावी व त्या एकामागून एक लावाव्या. परंतु पुन्हा एक्सपोर्ट करताना चित्राचा कस थोडा उतरतो आणि निवेदनात चूक आढळली तर मूळ भागाकडे परत जावे लागते. घाईच्या वेळी हा मार्ग पुरेसा आहे. मला स्वतःला दुसरा पसंत आहे. शॉटकटमध्ये नवा प्रोजेक्ट उघडून ‘व्हिडिओ मोड’ ठरवावा. मग फाइल मेनूतील ‘ओपन एमएलटी एक्सएमएल अ‍ॅज क्लिप’ या आज्ञेने एकेक भागाचा प्रोजेक्टच क्लिप म्हणून घेऊन टाइमलाइनवर ठेवावा. केडेनलाइव्हमध्येही प्रोजेक्ट फाइल क्लिपप्रमाणे घेता येते. भागाच्या फाइलीत दुरुस्ती करून ती जतन केली, की मुख्य प्रोजेक्ट पुन्हा उघडल्यावर ती दुरुस्ती तेथे आपोआप येते. मात्र त्या फाइलीचे नाव वा जागा मध्येच बदलू नये.

आणखी एक बारीक अडचण, आणि ती आपल्या लिपीमुळे अधिक जाणवते. शीर्षकांसाठी वापरलेला देवनागरी फॉन्ट प्रोजेक्ट फाइलीबरोबर जात नाही. तो जोडणीच्या संगणकावर नसेल तर अक्षरांचे वळण बदलते व ओळी चौकटीबाहेर जातात. फॉन्टही फोल्डरात घालून द्यावा.

त्या परिषदेत आम्ही ओढ्याच्या जागी 3 मिनिटांची कोरी पाटी लावून चित्रफीत दाखविली. पुढील वर्षीच्या जुलैत ओढा पुन्हा दुथडी भरून वाहिला. गुरुजींनी तो टिपला, पाटीच्या प्रोजेक्टमध्ये बरोबर 3 मिनिटांचा भाग बसविला आणि फोल्डर आणून दिला. मुख्य प्रोजेक्टला मी हातही लावला नाही. तो उघडला, एकदा पाहिला आणि एक्सपोर्ट केला.