बैलाच्या अंगावरील झूल : घालावी कशी, बांधावी कशी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या गावागावांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बैलजोड्यांसह पश्चिम महाराष्ट्रातील व अन्य भागांतील साखर कारखान्यांकडे रवाना होतात. ट्रॅक्टर आणि तोडणी यंत्रे आली असली तरी बैलगाडीने होणारी ऊस वाहतूक अद्याप थांबलेली नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून पुष्कळदा याच बैलांची खरेदी झालेली असते. हंगामाच्या मध्यावर एखादा बैल जायबंदी झाला तर गाडी उभी राहते, मजुरी बुडते आणि उचल मात्र फिटायची राहते. त्यामुळे बैलाच्या अंगावर रात्री टाकावयाची साधी गोणपाटाची झूल हा वरवर क्षुल्लक वाटणारा विषयही येथे सविस्तर विचारास पात्र ठरतो.

बैल मुळात थंडीला बराच कणखर असतो. त्याच्या शरीराचे तापमान साधारणतः 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, आणि पोटात चाऱ्याचे आंबवण चालू असल्याने आतून सतत ऊब निर्माण होत राहते. कोरडी जागा, पोटभर चारा आणि वाऱ्याला आडोसा मिळाला तर धडधाकट बैलाला झुलीची फारशी गरज पडत नाही. परंतु तळावर या तिन्ही गोष्टींची खात्री नसते. माणसे कोपीत निजतात, बैल बाहेर उघड्यावर असतात. उसाची खेप ओढून घामाने भिजलेला बैल पौषातील रात्री वाऱ्यात उभा राहतो, आणि ओल्या केसांत ऊब धरून ठेवण्याची शक्ती राहत नाही. असा बैल, तसेच अशक्त, आजारी वा वयस्क जनावर आणि लहान वासरे, यांच्यासाठी झूल आवश्यक होय.

झूल म्हटली की पोळ्याची आरसे लावलेली, रंगीत कशिद्याची झूल डोळ्यांपुढे येते. ती मिरवणुकीपुरती ठीक. रात्रभर अंगावर ठेवण्यास मात्र दोन पोती उसवून दाभण-सुतळीने एकत्र शिवलेले तरट किंवा जुनी घोंगडी अधिक उपयुक्त ठरते. खतांच्या प्लास्टिक पिशव्यांची झूल अंगास लागून वापरू नये. तिच्यातून हवा खेळत नाही, आतला दमटपणा तेथेच साचतो आणि जनावर कोरडे राहण्याऐवजी ओलेच राहते.

घोड्याच्या झुलीचे माप बैलाला जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्या देशी बैलाला वशिंड असते आणि जू त्या वशिंडाच्या लगेच पुढे मानेवर बसते. दिवसभर घासून हुळहुळी झालेली ती जागा रात्री तरी मोकळी राहिली पाहिजे. म्हणून झुलीची पुढची कड वशिंडाच्या मागे असावी. मागची कड शेपटीच्या मुळाशी संपावी, आणि दोन्ही बाजूंनी कापड पुढच्या पायांच्या कोपराच्या पातळीपर्यंत यावे. त्याहून खाली लोंबणारी झूल उठता-बसता पायाखाली येते.

झूल पाठीवर टाकताना ती थोडी पुढे टाकून मागे ओढून घ्यावी, म्हणजे केस आपल्या वळणाने बसतात. फारच मागे गेली तर पुढे ओढू नये. उचलून पुन्हा टाकावी. उलटे वळलेले केस रात्रभर टोचत राहतात आणि जनावर अंग घासू लागते.

बांधणीत सर्वप्रथम पोटाचा पट्टा बांधावा. बैल बुजला तरी मग कापड पुढे किंवा मागे घसरून त्याच्या पायांत अडकत नाही. सोडताना याच कारणाने हा पट्टा सर्वांत शेवटी सोडावा. पट्ट्याची जागा पुढच्या पायांच्या कोपरामागे चार बोटांवर. तो मागे सरकवून लघवीच्या जागेजवळ बांधण्याची चूक सर्रास होते; तेथे तो ओला होतो, आणि ओला पट्टा कातडी सोलून काढतो. पट्टा किती आवळावा, यालाही मर्यादा आहे. बैलाचे मोठे पोट, म्हणजे कोठीपोट, डाव्या कुशीत असते. रात्री उसाचे वाढे खाऊन ते फुगते. संध्याकाळी उपाशी पोटी घट्ट बांधलेला पट्टा मध्यरात्री काचतो. यास्तव वैरण खाऊन झाल्यावर बांधणे उत्तम; ते जमत नसेल तर पट्ट्याखालून आडवा तळहात सहज फिरेल इतकी सैल ठेवावी.

छातीची बांधणी झुलीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून, खांद्यांवरून छातीसमोर आणावी. ती नरड्यावर चढता कामा नये आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी तिच्यात आवळली जाऊ नये. येथे घोड्यात आणि बैलात आणखी एक फरक ध्यानी घेतला पाहिजे. घोडा उठताना पुढचे पाय आधी उभे करतो. बैल पुढच्या गुडघ्यांवर राहून मागचा भाग आधी उचलतो, त्यामुळे त्याची झूल नेहमी डोक्याकडे घसरते. हे रोखण्यासाठी मागच्या कोपऱ्यांपासून मांड्यांच्या मागून एक सैलसर पट्टा न्यावा. शेपटी त्याच्या बाहेर असावी. तिन्ही ठिकाणी बारीक सुतळी न वापरता जुन्या लुगड्याची किंवा पोत्याची दोन-तीन बोटे रुंद पट्टी वापरावी.

गाठ कोठे येते, हेही पाहावे. कण्यावर किंवा पोटाखाली आलेली गाठ रुतते. ती कुशीच्या वरच्या अंगाला असावी. निरगाठ मारू नये. झूल अडकून जनावर धडपडू लागले तर अंधारात ती सुटत नाही. सुरगाठ एका हिसक्यात मोकळी होते. गाठ बांधून झाल्यावर बैलाला चार पावले चालवावे, मान खाली घालू द्यावी. झूल कोठे ताणते ते लगेच कळते.

घामाने निथळणाऱ्या बैलावर झूल टाकण्यापूर्वी त्याचे अंग वाळलेल्या पाचटाने किंवा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. ही पाच मिनिटे दमलेल्या माणसाला जड जातात, हे खरे. पण ओल्या अंगावरची झूल लवकरच स्वतः ओली होते. सकाळी ती काढून उन्हात पसरावी आणि पाठ, कोपरामागची जागा, छाती व मांड्या हाताने चाचपाव्यात. केस झडणे, कातडी गरम लागणे किंवा स्पर्श होताच बैलाने अंग चोरणे ही जखमेची पहिली खूण होय. झुलीखाली गोचीडही लपतात. 2022 साली राज्यभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगात चावणाऱ्या माश्या व गोचीड यांचा धोका सर्वांनी पाहिला आहे. एका जनावराची झूल दुसऱ्यावर टाकू नये, आजारी जनावराची तर कदापि नाही. चिघळलेली जखम किंवा खांदेसूज दिसल्यास बैल जुंपण्याचे थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

ही माहिती कुटुंबांपर्यंत गाव सोडण्यापूर्वी पोहोचायला हवी. तळावर गेल्यावर उसंत नसते. केज तालुक्यात पोळा श्रावण अमावास्येला येतो. आदल्या सायंकाळी खांदेमळणीत हळद व लोणी लावून बैलांचे खांदे चोळले जातात, म्हणजे प्रत्येक खांदा त्या दिवशी कोणाच्या तरी हाताखालून जातो. दुसऱ्या दिवशी गावचे सगळे बैल वेशीत एकत्र येतात. पशुधन विकास अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही तेथे बोलावता येते. मिरवणुकीची झूल उतरल्यावर त्याच बैलावर गोणपाटाची झूल बांधून दाखवण्यास पाव तास पुरतो, आणि दसऱ्यापर्यंत घरोघरी पोती शिवून ठेवण्यास सुमारे चाळीस दिवस हाताशी राहतात.