इलेक्ट्रॉनिक ड्रमची संगणकीय नोंद : ध्वनिमुद्रण की लिपी?

ध्वनिमुद्रण म्हणजे ध्वनीचेच मुद्रण, अशी आपली सहज समजूत असते. तबकडी व चुंबकीय फीत यांच्या बाबतीत ती यथार्थही आहे. परंतु इलेक्ट्रॉनिक ड्रमचे वादन 'मिडी' पद्धतीने संगणकात उतरविले जाते, तेव्हा त्यात ध्वनी मुळी शिरतच नाही. मग शिरते ते काय आणि बाहेर राहते ते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ड्रमच्या पॅडखाली दाबविद्युत् गुणधर्माची एक लहान चकती बसविलेली असते. हा गुणधर्म प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. काठीचा आघात होताच चकती कंप पावते व तीत अल्प विद्युद्दाब निर्माण होतो. ड्रमला जोडलेली पेटी तो मोजून संगणकाकडे तीन अंकांचा संदेश धाडते. पहिला अंक संदेशाचा प्रकार व त्याची वाहिनी सांगतो, दुसरा कोणते वाद्य ते सांगतो व तिसरा आघाताचा जोर सांगतो. जोराच्या पायऱ्या १ ते १२७ असतात. १९९१ मध्ये ठरलेल्या 'जनरल मिडी' संकेतानुसार तालवाद्यांना दहावी वाहिनी दिलेली असून बास ड्रमचा अंक ३६, तर स्नेअर ड्रमचा ३८ आहे.

निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांना जोडता यावीत, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्स व रोलँड यांची वाद्ये तिच्याद्वारे प्रथम जाहीरपणे जोडण्यात आली. मूळ तारेतून सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक जातात. म्हणजे तीन अंकी संदेशास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. एकाच क्षणी पडलेले दोन आघातही त्या तारेतून एकामागून एकच जातात.

संगणक प्रत्येक संदेशाबरोबर त्याची वेळही टिपतो. मात्रेचे ४८० भाग पाडले व लय मिनिटास १२० मात्रांची धरली, तर एक भाग सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा होतो. अशी नोंद अत्यंत आटोपशीर असते. पुढे त्याच आघातांना हवा तो ड्रम देता येतो किंवा चुकलेला एखादा ठोका सुधारता येतो.

मात्र या सोयीतच धोका आहे. 'क्वांटाइझ' या क्रियेने प्रत्येक ठोका मात्रेच्या चौकटीवर खेचून बसविता येतो. परंतु वादकाने हेतुपुरस्सर किंचित मागे ठेवलेला ठोका व अनवधानाने मागे पडलेला ठोका यांतील भेद संगणकास कळत नाही. तो दोन्ही सारखेच सरळ करतो. तसेच, किती क्षीण आघात ग्राह्य धरावयाचा ही मर्यादा पेटीत आधीच ठरविलेली असते. ती फार वर ठेवल्यास हलके ठोके नोंदीतून गळतात. फार खाली ठेवल्यास शेजारच्या पॅडचे कंपनही ठोका म्हणून नोंदले जाते.

आपल्याकडील तबल्याच्या बोलांचे लेखन आठवल्यास हे अधिक स्पष्ट होईल. कागदावर 'धा' लिहिता येतो. परंतु डग्ग्यावर आघातानंतर मनगटाच्या दाबाने चढविलेला स्वर त्या अक्षरात मावत नाही. साध्या पॅडचा संदेशही असाच आहे. आघाताचा क्षण व जोर तो सांगतो. त्यानंतर हाताने केलेले संस्कार सांगत नाही. २०२० मध्ये आलेल्या 'मिडी २.०' मध्ये जोराच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या. त्यामुळे लिपी सूक्ष्म झाली. परंतु ती लिपीच राहिली.

म्हणून संग्रहासाठी वादन नोंदविणाऱ्याने तीन गोष्टी एकत्र जतन कराव्यात : न सुधारलेली मूळ नोंद, पेटीच्या मर्यादांचा तपशील आणि वादकास वाजविताना ऐकू येत असलेल्या ध्वनीचे स्वतंत्र मुद्रण. पेटी निकामी झाल्यावर मागे केवळ अंक राहिले, तर कोणते ठोके पडले हे पुढील अभ्यासकास समजेल. वादकाने काय ऐकत ते वाजविले, हे मात्र समजणार नाही.