बोटीच्या तळातले पाणी

वेसावे, मढ, मनोरी, गोराई. मुंबईच्या उपनगरांतले हे कोळीवाडे. इथल्या मोटरबोटी पुष्कळशा लाकडी. लाकडी बोट कितीही चांगली बांधा, तळात थोडे पाणी साचतेच. त्याला कोणी घाबरत नाही. पण तेच वाढू लागले तर?

१ लिटर पाण्याचे वजन सुमारे १ किलो. तेलाचे १५ लिटरचे २० डबे डोळ्यांपुढे आणा. तेवढे पाणी साचले की ३०० किलो झाले. तेवढी मासळी खणात एका जागी राहते. पाणी राहत नाही. बोट डावीकडे कलली की सगळे पाणी डावीकडे धावते, आणि बोट आणखीच कलते. इंजिनात पाणी गेले की इंजिन बंद. बॅटरी बुडाली की विजेचा पंपही बंद! म्हणून पंप असला तरी बादली बोटीत हवीच.

पाणी उपसायला सगळ्यांनाच येते. ते आले कुठून, हे शोधणे खरे काम. थेंबभर जिभेला लावून पाहा. (डिझेलचा वास असेल तर मात्र नको.) गोडे लागले तर ते पावसाचे, नाहीतर खणातल्या बर्फाचे. खारे लागले तर समुद्र आत येतो आहे.

मग तळ कोरडा करा. बोट धक्क्याला असताना आधी इंजिन बंद ठेवून तासभर थांबा, मग इंजिन चालवून तासभर. दोन्ही वेळा किती पाणी आले ते पाहा. इंजिन चालतानाच येत असेल तर इंजिन गार करणाऱ्या पाण्याचा पाइप तपासा. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथले पॅकिंगही पाहा. साध्या पॅकिंगमधून शाफ्ट फिरताना अधूनमधून थेंब पडायलाच हवा. त्याने पॅकिंग गार राहते. एकही थेंब नको म्हणून काहीजण नट करकचून आवळतात. मग शाफ्ट तापतो, झिजतो, आणि पुढे धारच लागते.

इंजिन बंद असतानाही पाणी येते? मग फळ्यांचे सांधे पाहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवतात. फळ्या सुकतात, सांधे उघडतात. बोट पुन्हा पाण्यात घातली की पहिले काही दिवस पाझर लागतो. लाकूड फुगले की तो थांबतो. नाही थांबला, तर सांध्यातला कापूस गेला असे समजून मेस्त्रीला दाखवा.

तळाच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो. पंप लावण्याआधी तो चिंध्यांनी टिपून घ्यावा. तेल खाडीत गेले की मासळीच्या पिलांना बाधते. पंपाच्या तोंडाची जाळीही बघा. खवले आणि जाळ्यांचे दोरे तिथेच अडकतात.

भर समुद्रात पाइप फुटला तर आधी समुद्राचे पाणी घेणारा कॉक बंद करा. भोक पडले असेल तर लाकडी खुंटीला कापड गुंडाळून ती आतून ठोका. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगा. पाणी तरीही चढत असेल तर वाट पाहू नका. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. तो बोटीत ठळक रंगवून ठेवावा.