परदेशातून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा : पद्धत बदलल्याशिवाय निकाल बदलणार नाही

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी घरी परतली की वस्तीत आनंदीआनंद होतो. पेढे वाटले जातात, चौकात फलक लागतो, लोक 'डॉक्टरसाहेब', 'डॉक्टर मॅडम' म्हणू लागतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती मुले त्या दिवशी डॉक्टर नसतात. रशिया, किरगिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांतून पदवी घेतलेल्यांना भारतात आधी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिचे नाव फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन, म्हणजेच एफएमजीई. २००२ पासून ही अट आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप आणि त्यानंतर वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी, असा हा मार्ग आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'नेक्स्ट' नावाच्या नव्या परीक्षेची तरतूद आहे. ती लागू होईपर्यंत एफएमजीई हाच दरवाजा आहे.

या दरवाजावर काय घडते? जून २०२३ च्या सत्रात २४,२६९ जण परीक्षेला बसले आणि २,४७४ उत्तीर्ण झाले. म्हणजे दहातील नऊ बाहेर राहिले. डिसेंबर २०२३ च्या सत्रात ३७,८२७ पैकी ७,७८१ उत्तीर्ण झाले. पाचातील चार बाहेर. हे आकडे वाचताना त्यांच्या मागची घरेही डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. कुणी शेत विकले आहे, कुणी भविष्य निर्वाह निधी काढला आहे, कुणाच्या बापाने निवृत्तीचे सगळे पैसे फीमध्ये घातले आहेत. नापास झालेला मुलगा लग्नकार्याला जात नाही, कारण तिथे एकच प्रश्न विचारला जातो, 'दवाखाना कधी टाकतोस?'

या निकालावर आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली प्रस्थापितांची : 'पैसे देऊन पदवी आणली, त्यांच्यात गुणवत्ताच नाही.' दुसरी आपल्यातल्याच काहींची : 'परीक्षा मुद्दाम अवघड काढतात, आपण काय करणार?' पहिली प्रतिक्रिया मुलाचा अपमान करते आणि दुसरी त्याचे हातपाय गाळते. दोन्हींतून त्याचा एक गुणही वाढत नाही. तेव्हा परीक्षा नेमकी काय मागते आणि आपली मुले अभ्यास कसा करतात, हे शांतपणे तपासले पाहिजे.

परीक्षेत ३०० प्रश्न असतात. दोन भाग, प्रत्येकात १५० प्रश्न आणि १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कितीव्यांदा बसता यावर बंधन नाही. पहिला-दुसरा क्रमांक काढणारी ही स्पर्धा नाही. शेजारच्याला किती गुण मिळाले याचा आपल्या निकालाशी संबंध नाही. आणि येथे कुणालाही सवलत नाही, सर्वांना तेच ५० टक्के. त्यामुळे ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवण्याची कुणाची हिंमत होऊ नये.

आता गुणांची वाटणी पाहा. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांना प्रत्येकी १७ गुण. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र प्रत्येकी १३. न्यायवैद्यक १०. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूती ३०, सामाजिक आरोग्य म्हणजे पीएसएम ३०. बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. शिवाय मानसोपचार, त्वचारोग, भूल, अस्थिरोग, क्ष-किरण निदान आणि किरणोपचार हे सहा छोटे विषय प्रत्येकी ५ गुणांचे.

परत आलेला विद्यार्थी बहुधा काय करतो? पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडतो आणि शरीररचनेपासून सुरुवात करतो. दोन-दोन महिने हाडे आणि नसा पाठ करण्यात जातात. मिळणार किती? ३०० पैकी १७. इकडे सहा छोट्या विषयांचे मिळून ३० गुण शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात आणि मग वाचायचे राहूनच जातात. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व पीएसएम हे चार विषय मिळून १२५ गुणांचे आहेत. त्यांत विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्राचे ३९ मिळवले की १६४ होतात. अभ्यासाचे दिवस या हिशेबाने वाटले पाहिजेत. शरीररचना सोडा असे कुणी म्हणत नाही. तिला तिच्या गुणांइतकाच वेळ द्या, एवढेच म्हणणे आहे.

पीएसएमचे ३० आणि न्यायवैद्यकाचे १०, अशा ४० गुणांचा विचार वेगळा करावा लागतो. परदेशातील विद्यापीठ तेथील आरोग्यव्यवस्था आणि तेथील कायदा शिकवते. ही परीक्षा भारताचा विचारते. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजारांना. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हाच हिशेब ३० हजार आणि २० हजार. जन्मतः बाळाला कोणत्या लसी, ६, १० व १४ आठवड्यांना कोणत्या, क्षयरोगाचे सरकारी औषधोपचार कसे, १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये काय बदलले, पॉक्सोमध्ये डॉक्टरची जबाबदारी कोणती. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. जुन्या नोट्समधली कलमे पाठ करून बसणारा इथे फसू शकतो. हे ४० गुण परदेशातल्या वर्गात मिळणार नाहीत, ते स्वतंत्र अभ्यास करूनच मिळवावे लागतील. आणि खरे तर हा भाग आपल्या मुलांना परका नाही. आशाताई, अंगणवाडी, पीएचसीची रांग, क्षयरोगाच्या गोळ्या हे त्यांनी पुस्तकाआधी घराजवळ पाहिले आहे. त्या अनुभवाला पुस्तकातील नेमके आकडे जोडायचे आहेत.

दुसरी गोष्ट, विषय सुटे सुटे वाचण्याची सवय. आपल्या विदर्भाचेच उदाहरण घेऊ. सिकलसेल हा आजार तेथील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये मोठ्या प्रमाणात आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे जीवरसायन. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि प्लीहा हळूहळू आकसून निकामी होते, हे विकृतिशास्त्र. अशा रुग्णाच्या हाडात साल्मोनेलाचा संसर्ग होतो, हे सूक्ष्मजीवशास्त्र. हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, हे औषधशास्त्र. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे बालरोग आणि स्त्रीरोग दोन्हींत येते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, हे पीएसएम. आजार एक, विषय सात. क्षयरोग, पंडुरोग, मधुमेह, कुष्ठरोग असेच आडवे वाचले तर एका दिवसाच्या अभ्यासाचे फळ अनेक ठिकाणी मिळते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचणे आणि आठवणे यांतला फरक. पुस्तक चार वेळा वाचले, रंगीत पेनाने रेघा मारल्या, आता येते असे वाटते. पण ओळखीचे वाटणे वेगळे आणि कोऱ्या पडद्यापुढे एका मिनिटात उत्तर देणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. परंतु आठवड्यानंतर ज्यांनी स्वतःची परीक्षा घेतली होती, ते पुढे होते. आपली परीक्षा तर महिन्यांनंतर असते. म्हणून दिवसाचा निम्मा वेळ प्रश्न सोडवण्यात गेला पाहिजे, तोही घड्याळ लावून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तर हा सराव अधिकच हवा. रुग्णाची हकिकत इंग्रजीत पाच-सहा ओळींची असते आणि ज्ञान असूनही वाचण्यातच वेळ जातो.

जो एकदा नापास झाला, त्याच्यासाठी तर पद्धत बदलणे हाच उपाय आहे. तोच क्लास, त्याच नोट्स, तोच क्रम ठेवून दुसऱ्यांदा वेगळा निकाल कसा येईल? एक वही करा आणि सरावात चुकलेला प्रत्येक प्रश्न तीन खान्यांत टाका : मुळात माहीत नव्हते, माहीत होते पण विसरलो, माहीत होते पण प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्याला अभ्यास हवा, दुसऱ्याला ठराविक दिवसांनी उजळणी, तिसऱ्याला वेळ लावून सराव. तिन्हींवर 'अजून जास्त वाच' हा एकच इलाज करत राहिल्यानेच वर्षे जातात. आणि गुण कापले जात नसताना एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

आडवाट मात्र धरू नये. नोंदणीशिवाय दवाखाना चालवल्यास २०१९ च्या कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी पदवी घेतलेल्या ७३ जणांवर गुन्हा नोंदवला होता. आणि अर्धवट ज्ञानाच्या डॉक्टरकडे जाणारा रुग्ण शेवटी आपल्याच वस्तीतला असतो, हेही विसरून चालणार नाही.

पालकांनीही एक काम करावे. मूल पाठवण्याआधी एजंटच्या रंगीत माहितीपत्रकावर विश्वास न ठेवता परीक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेली परदेशी महाविद्यालयनिहाय निकालाची आकडेवारी पाहावी. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि तेथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप या अटी ते महाविद्यालय पूर्ण करते का, हे लेखी विचारावे. आणि मुलाला तिसऱ्या वर्षापासूनच रोज थोडे प्रश्न सोडवायला लावावे.

राहता राहिला समाजाचा प्रश्न. स्पर्धा परीक्षांसाठी आपण ठिकठिकाणी अभ्यासिका उभ्या केल्या, एमपीएससीच्या मुलांना पुस्तके दिली. या मुलांसाठी काय केले? उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरांनी आठवड्याचे दोन तास दिले, चार-पाच जणांचा गट जमवला, जिल्ह्याच्या ठिकाणी अभ्यासिकेचे एक टेबल त्यांना मिळाले, तर खाजगी क्लासच्या फीअभावी अडलेले कितीतरी जण पुढे सरकतील. शासनाच्या प्रशिक्षण योजनांतही या परीक्षेचा समावेश व्हावा, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. घरात नापास होऊन बसलेला मुलगा पाच-सहा वर्षे वैद्यकशास्त्र शिकून आला आहे. त्याला टोमणा नको आणि खोटा धीरही नको. त्याच्या शेजारी बसून त्याची चुकांची वही तपासणारा माणूस हवा. तो माणूस आपल्यातूनच पुढे आला पाहिजे.